सईच्या केनियाच्या बेताबद्दल

वाळपई, रविवार

चि. सई हीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला केनियाचा बेत काल आईने मोठ्याने वाचला आणि मी नकाशा पुढ्यात घेऊन ऐकला. आठ दिवसांत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि शेवटच्या दोन रात्री मसाई मारा. बाय, यातले निम्मे दिवस तुम्ही गाडीतच काढाल. नैरोबीहून मारा गाठायलाच रस्त्याने पाच-सहा तास लागतात. पहिल्याच खेपेला एवढं सगळं पदरात पाडून घ्यायची घाई करू नका. चार-पाच रात्री एकाच ठिकाणी राहा, असं मला मनापासून वाटतं.

वनखात्यात तेहतीस वर्षं काढली म्हणून हे सांगतो. पहिल्या दिवशी रान नुसतं दिसतं. दुसऱ्या दिवशी कुठला ओहोळ कुठे वळतो ते कळतं, आणि तिसऱ्या दिवसापासून कालची सिंहीण आज कुठे असेल याचा अंदाज तुम्ही स्वतः करू लागता. मारा रिझर्व्ह 1,510 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याला थोडं कमी. सीमेपलीकडच्या, टांझानियातल्या सेरेंगेटीत तर जवळजवळ चार गोवे मावतील. एवढं रान आठ दिवसांत कुणालाच संपवता येणार नाही.

ऑगस्टचा हट्टही सोडून बघा. वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडतात ते बहुतेक जुलै ते ऑक्टोबर, आणि तेव्हाच सगळ्या जगाच्या गाड्या त्या काठावर असतात. कळप काठाशी तासन् तास थांबतो, धूळ उडते, आणि कधी कधी एकही जनावर पाण्यात न उतरता सगळा कळप माघारी फिरतो. फेब्रुवारीत हे कळप तिथे नसतात. ते दक्षिण सेरेंगेटीच्या माळावर व्यालेले असतात. पण माऱ्याचे सिंह, चित्ते, बिबटे, हत्ती, जिराफ बारा महिने तिथेच. हवा कोरडी, गर्दी कमी. शिवाय रिझर्व्हची परदेशी माणसांसाठीची फी जूनपर्यंत दिवसाला माणशी 100 डॉलर आहे, जुलैपासून 200. वाचलेल्या पैशांत आणखी दोन रात्री निघतील. आणि ऑगस्टची रजा इकडे वाचली तर चवथीला घरी याल, हे आईचं म्हणणं.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. उतरायला रिझर्व्हच्या फाटकाजवळचं मोठं हॉटेल घेऊ नका, कॉन्झर्व्हन्सीतला छोटा कॅम्प घ्या. रिझर्व्हला लागून मासाई लोकांच्या स्वतःच्या जमिनी आहेत. त्यांनी त्या एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या आहेत. नाबोइशो नावाची अशी एक कॉन्झर्व्हन्सी 2010 मध्ये उभी राहिली, त्यात पाचशेहून जास्त जमीनमालक आहेत. दर महिन्याचं भाडं त्या घरांत जातं, जनावर दिसो वा न दिसो. तिथे तंबू मोजके असतात, गाड्यांची झुंबड नसते. रिझर्व्हमध्ये रात्री फिरता येत नाही, इथे फिरता येतं, मासाई वाटाड्याबरोबर पायी चालताही येतं.

मला हे का लागून राहिलंय ते तुला ठाऊक आहे. 2020 च्या जानेवारीत म्हादईच्या रानात, गोळावलीला, चार वाघ मेलेले सापडले. विषाने. तू फोनवर रडली होतीस. ज्याची गाय वाघ नेतो त्याच्या घरात वाघामुळे चार पैसेही आले पाहिजेत, नाहीतर रान राखायचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या गोठ्यावर पडतो. मासाईंची गुरंही सिंह नेतो. तुम्ही दोघं जे पैसे खर्च कराल त्यांतले थोडे त्या गोठ्यापर्यंत जावेत, एवढीच माझी इच्छा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2024 पासून केनियाला व्हिसा लागत नाही, ईटीए, म्हणजे प्रवासाचा आगाऊ परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या; तिचा दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. ती जिवंत विषाणूची लस आहे आणि माऱ्यात मलेरियाही असतो, तेव्हा बाळाचा काही विचार असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोला, असं आईने मुद्दाम लिहायला सांगितलंय. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, तिकडे 2017 पासून बंदी आहे. माऱ्याला छोट्या विमानाने गेलात तर माणशी साधारण 15 किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. निळे-काळे कपडे टाळा, त्से-त्से माशी त्या रंगांवर येते. पहाटेसाठी स्वेटर हवाच, तो माळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे.

तिकडचा रानरेडा आपल्या गव्यापेक्षा अंगाने लहान, पण रागीट. गाडीतून पाय खाली टाकायचा नाही, निखिलने फोटोसाठी कितीही गळ घातली तरी. आणि वाटाड्याला ‘सिंह दाखव’ म्हणून घाई करू नका. तुझ्या आईला लग्नाच्या पहिल्या वर्षी मी मोल्याच्या रानात पाणवठ्यावर नेलं होतं. तीन तास आम्ही गप्प बसून होतो. शेवटी एकच मेरू, म्हणजे सांबर, आला, पाणी प्यायला, मान वर करून आमच्याकडे बघत राहिला. त्याच्या नाकपुडीवरून निथळणारं पाणी ती अजून सांगते. तुम्हा दोघांनाही असं काही मिळावं.

एकच दुर्बीण दोघांत नेऊ नका. जनावर दिसतं ते क्षणभर, आणि तेवढ्यात ‘दे, दे’ करण्यात ते दोघांचंही हुकतं. माझी जुनी दुर्बीण तुला पाठवतोय. भिंगं साफ करून घेतली आहेत, पट्टा नवा बसवलाय. निखिलसाठी मात्र 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) एक नवी घ्या, तिचे पैसे मी देणार आहे.

तुझे,
बाबा