बिघडलेल्या प्रयोगांची वही पाठवल्याबद्दल

प्रिय मॅडम,

तुमची वही मिळाली आणि लहान मुलांच्या मेंदूतल्या ट्यूमरपर्यंत औषध पोचवण्याचं आमचं अडून बसलेलं काम पुढे सरकलं. दोन ओळींच्या मेलनं भागलं असतं, पण हे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

डीआयपीजी म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये होणारा ट्यूमर. बहुतेक मुलं पाच ते दहा वर्षांची. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या भागात तो पिठात मीठ मिसळावं तसा मिसळलेला असतो, म्हणून कापून काढता येत नाही. रेडिएशननं काही महिने उतार पडतो, पण बहुतेक मुलांच्या हाती निदानानंतर वर्षभरही राहत नाही. 2012 मध्ये यातला एच3 के27एम हा जनुकीय बदल सापडला आणि त्यानंतर बशीतल्या पेशींवर चालणारी बरीच औषधं पुढे आली. घोडं अडतं ते औषध पोचवण्यापाशी. पॉन्समध्ये रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा बराचसा शाबूत असतो, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध दारातूनच परत फिरतं.

म्हणून सीईडी, म्हणजे कन्व्हेक्शन-एन्हान्स्ड डिलिव्हरी. बारीक कॅन्युला, म्हणजे सुईसारखी पोकळ नळी, थेट ट्यूमरमध्ये घालायची आणि मिनिटाला काही मायक्रोलिटर या गतीनं औषध दाबाखाली आत सोडायचं. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी ही पद्धत 1994 मध्ये मांडली. खरा वैरी रिफ्लक्स: औषध पुढे पसरण्याऐवजी कॅन्युलाच्या बाहेरच्या अंगानं मागे चढतं, आणि ट्यूमर कोरडाच राहतो.

प्रयोगशाळेत हे आधी मेंदूऐवजी जेलमध्ये, औषधाऐवजी निळा रंग सोडून तपासतात. छापून येतात त्या चित्रांत जेलमध्ये त्या रंगाचा गोल गरगरीत चेंडू असतो. तो जमायच्या आधी किती वेळा फसला, हे कुणी छापत नाही. तुमच्या आधी आम्ही तीन ठिकाणी दाबाच्या मूळ नोंदी मागितल्या. दोन ठिकाणांहून उत्तरच नाही, तिसऱ्यानं ‘पेपर पाहा’ एवढं कळवलं. पेपरच्या शेवटी मात्र ‘माहिती मागितल्यास देऊ’ असं छापलेलं होतं. जिथे घड्याळ मुलांच्या महिन्यांत चालतं, तिथे हे मुकाट्यानं सोसणं जड जातं.

आणि तुम्ही अख्खी वही पाठवलीत, फसलेल्या पानांसकट.

त्यातलं एक पान आता आमच्या पंपाच्या वर चिकटवलं आहे. दाबाचा आलेख आळसावल्यासारखा हळूहळू चढतो आणि मग एकदम कोसळतो. समासात लाल शाईत तुमच्या अक्षरात लिहिलंय: ‘हवा. चूक माझी. नळी पुन्हा भर.’ या तीन वाक्यांनी आमचे आठवडे वाचवले. आमचा आलेख हुबेहूब तसाच होता आणि आम्ही दोष कॅन्युलाला देत होतो. टोक जेलनं बुजलं की नळीतला बुडबुडा दाबला जातो आणि स्प्रिंगसारखा दाब साठवतो. टोक मोकळं झालं की साठलेलं सगळं एका दमात बाहेर येतं, आणि तो लोंढाच मागे चढतो. मऊ सिलिकॉनची नळीही फुगून हेच करते. आता द्रावण आधी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढतो, कडक नळी आणि काचेची सिरिंज वापरतो, आणि टोक बुजू नये म्हणून कॅन्युला आत घालतानाही प्रवाह चालू ठेवतो. आलेख सरळ आला.

पायरीच्या कॅन्युलाबद्दलची तुमची नोंदही तितकीच मोलाची. टोकापासून साधारण 3 मिलिमीटर मागे जाडी एकदम वाढते, ती पायरी मागे येणारा प्रवाह अडवते. जोडताना गोंद जास्त झाला की कड गोलसर होते आणि पायरी नावापुरती उरते. हे भिंगाखाली पाहायला हवं, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जेलचंही तसंच: ज्या पावडरीपासून जेल बनतं ते अगारोज 0.6 टक्के घेऊन उकळताना पाणी उडतं आणि टक्केवारी नकळत वाढते, म्हणून भांडं आधी आणि नंतर तोलायचं, घट आली तेवढं पाणी पुन्हा घालायचं. पेपरात या गोष्टींना जागा मिळत नाही.

‘चूक माझी’ हे तुम्ही स्वतःसाठी लिहिलं होतंत. वही पाठवताना ते खोडता आलं असतं, निदान ती पानं वगळता आली असती. तुम्ही तसंच राहू दिलंत. पदं, पुरस्कार, निधी यांच्या ओढाताणीतही कुणी असं सरळ वागतं, तेव्हा कामावरचा विश्वास परत येतो. एवढा साधा चांगुलपणा आम्हाला मोठमोठ्या करारांतून मिळाला नव्हता.

तुमच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न अर्धा राहिलाय: गती 1 वरून 5 मायक्रोलिटरवर नेताना मधे किती थांबायचं? ते आम्ही आता दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांनी तपासतो आहोत. या पत्राबरोबर आमच्याही वहीची प्रत निघाली आहे. फसलेली पानं तशीच ठेवली आहेत, समासातल्या लाल शाईसकट.

तुमचे,
पुण्याहून, जेल ओतणारे आम्ही सगळे