बारा सत्तावीस

रामबाग, इंदूर
११ ऑगस्ट

प्रिय विन्या,

फोनवर सांगणार होतो, पण तू मधेच हसतोस, म्हणून कागद घेतला.

सध्या आपल्या वाड्यात भूत आहे. पुतण्यानं आणलंय. ओंकारला भुताचा सिनेमा काढायचाय. बजेट ११,००० रुपये, त्यातले ४,००० माझे. सामान म्हणजे एक मोबाइल, एक स्टँड, दोन बल्ब आणि दिवाळीनंतर पडणार असलेला हा वाडा. पहिल्याच दिवशी पोरांनी कापूस पिंजून माळ्यावर कोळिष्टकं लावली. अरे, खऱ्या जळमटांवर खोटी! हीरॉइनला पांढरी साडी आणि कपाळावरून लाल रंगाचा ओघळ. म्हटलं, भिया, गणपतीतली नाटकं बरी होती.

मग मीच त्याला 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' दाखवला. आपण बघितला होता बघ, आणि रात्री तू मला न्हाणीच्या दाराशी उभं केलं होतंस. ओरेन पेलीनं तो सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात ७ दिवसांत काढला, जेमतेम १५,००० डॉलरमध्ये. पण त्याआधी वर्षभर तो घरच तयार करत होता. भिंती रंगवल्या, फर्निचर आणलं, जिनासुद्धा केला. रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा स्टँडवर गप्प उभा. उजवीकडे जोडपं झोपलेलं, डावीकडे उघडं दार, खाली कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळताहेत. ते एकदम सावकाश झाले की पोटात गोळा येतो. मग दार हलतं, तेही थोडंसंच.

ओंकारला पटलं. कापूस उतरला. परवा रात्री मोबाइल चार्जरला लावून ओसरीवर ठेवला, तोंड मोठ्या दाराकडे. ते दार तुला ठाऊक आहेच, पावसात फुगतं, खांदा लावल्याशिवाय हलत नाही.

सकाळी पोहे खाताखाता पळवत बघत होतो. झिरोचा बल्ब, अंधार, एकदा उंदीर. बारा सत्तावीसला काकू आली. पांढरा गाऊन, मोकळे केस. अरे, हल्ली तिला न्हाणीपर्यंत हात धरून न्यावं लागतं! ही मात्र न चाचपडता सरळ दाराशी गेली, अडसर काढला, खांदा लावला. करकरत एक फळी उघडली आणि ती उभी राहिली. आम्ही वेग कमी केला. अकरा मिनिटं तशीच. मग जरा बाजूला सरकली, आपण कुणाला आत येऊ देताना सरकतो तशी. अडसर लावला आणि आत गेली.

ओंकारचा चमचा बशीतच राहिला.

काकांची मिलची दुसरी पाळी आठवते ना? साडेबाराच्या सुमाराला सायकल आत घ्यायचे, आपण पांघरुणातून ऐकायचो. मिल बंद पडली १९९१ मध्ये. काकांना जाऊनही चौदा वर्षं झाली.

ओंकार म्हणाला, हा शॉट ठेवायचाच. मी म्हटलं, आधी तिला विचार. काकूनं चष्मा लावून दोनदा बघितलं. आम्ही श्वास धरून.

"गाऊनवर कशाला घेतलंस रे मेल्या? आज हिरवं लुगडं नेसते, परत काढ."

आज रात्री परत लावतोय. दिवाळीआधी येऊन जा, मुक्काम ओसरीवरच. ओंकार मघाशी दाराला तेल घालायला निघाला होता, तर काकूनं आतूनच हाक मारली, "तेल घालू नकोस हो, मला मग कळायचं कसं?"

तुझा,
बाळ्या