होपींची उधारीची वीज

महोदय,

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात होपी या आदिवासी जमातीच्या हॉटेव्हिला गावाने विजेच्या तारा गावात येऊ दिल्या नाहीत. १९८५मध्ये होपींनीच स्थापलेल्या ‘होपी फाउंडेशन’ने सौर पॅनेलचा मार्ग काढला, तोही फुकट नव्हे, फिरत्या निधीतून, म्हणजे परत आलेल्या हप्त्यांतून पुढच्यांना कर्ज देणाऱ्या निधीतून, कर्जाऊ. हे आम्हाला अनुदानापेक्षा शहाणपणाचे वाटते.

अशा यंत्रणेत दगा देते ती बहुधा बॅटरी, पॅनेल क्वचितच. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून एका वेळी ६०० वॉट-अवरपेक्षा, म्हणजे तिच्या निम्म्या साठ्यापेक्षा, जास्त वीज घेऊ नये. ती वारंवार निम्म्याखाली उतरली, की प्लेटांवर सल्फेट धरते. डिस्टिल्ड वॉटर कमी पडले तर प्लेटा उघड्या पडतात. म्हणून नव्या बॅटरीचे पैसे हप्त्यातच धरावेत. साधा फ्रिज जोडला तरी सगळा हिशेब कोलमडतो.