होली अपॉसल्सच्या मावशींना

प्रिय मावशी,

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण तुम्हीच एकदा म्हणाला होता, "तुझ्या भाषेत वाच, आम्ही ऐकतो."

मी कामाला होतो ते हॉटेल २००९ च्या सुरुवातीला बंद झालं आणि दोन महिन्यांचा पगार बुडाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात चौघांत एक खोली होती. साताऱ्याला आईला फोनवर सांगायचो, सगळं ठीक आहे. खोलीतल्याच एकाने सांगितलं, मॅनहॅटनमध्ये नवव्या अव्हेन्यूवर, अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला होली अपॉसल्स नावाचं एक चर्च आहे, तिथे दुपारचं जेवण मिळतं. ई ट्रेनने तेविसाव्या रस्त्याला उतरलो आणि त्या रांगेवरून तीनदा नुसता पुढे चालत गेलो. चौथ्यांदा उभा राहिलो.

मला वाटलं होतं, आधी नाव-गाव, मग कागदपत्रं, मग प्रार्थना आणि सगळ्यात शेवटी ताट. तसलं काहीच झालं नाही. तुम्ही हसून आत बोलावलंत. तुमच्याकडे जेवायला येणाऱ्याला पाहुणा म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे वारीच्या वाटेवर गावंच्या गावं अनोळखी माणसांना जेवू घालतात. मी लहानपणी तिथे वाढायला असायचो. ताटापुढे बसण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि घास उतरत नव्हता. तुम्ही काही न बोलता पाणी आणून ठेवलंत. मी मांस बाजूला सारतोय हेही तुम्ही पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी मागण्याआधीच माझ्या ट्रेमध्ये घेवड्याच्या दाण्यांची उसळ जास्त होती.

पंगत बसायची ती चर्चच्या मुख्य दालनात, रंगीत काचांच्या खिडक्यांखाली. देवाच्या घरात असं मधोमध जेवण कसं, असं मी विचारलं, तेव्हा टेबल पुसता पुसता तुम्ही सगळी हकीकत सांगितलीत. हे अन्नछत्र १९८२ मध्ये सुरू झालं. १९९० मध्ये चर्चला आग लागली, छप्पर गेलं, तरी दुसऱ्या दिवशी लोकांना जेवण मिळालं. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा बसायचे जुने बाक परत लावलेच नाहीत. त्यामुळे रविवारी जिथे उपासना व्हायची, तिथेच तेव्हा सोमवार ते शुक्रवार हजाराच्या आसपास माणसं रोज जेवायची. बाक न लावण्याचा तो निर्णय मला आजही थोर वाटतो.

तुमचं चर्च एपिस्कोपल. एपिस्कोपल म्हणजे काय, तेही मला तुमच्याकडूनच कळलं: इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या अँग्लिकन परंपरेतलं, पण स्वतंत्र असं अमेरिकेतलं चर्च. म्हणजे आमच्या कुलाब्याचं अफगाण चर्च ज्या परंपरेत उभं राहिलं, तीच. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही प्रत्येक माणसाचा मान राखण्याचं वचन देता, हे मी नंतर वाचलं. तोवर ते तुमच्या हातून अनुभवून झालं होतं.

जेवणानंतरच्या लेखनाच्या वर्गात तुम्ही मला जवळजवळ ओढूनच नेलंत. इंग्रजीत चार ओळींच्या पुढे जाईना, म्हणून आईच्या चुलीबद्दल मराठीत लिहिलं. वाचताना आवाज फुटला. कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण कुणी हललं नाही. वाचून झाल्यावर तुम्ही फक्त विचारलंत, सारखा येत होता तो शब्द कोणता? मी म्हटलं, भाकरी.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि काम गेल्याचं खरं सांगितलं. ती आधी रडली. मग विचारलं, जेवतोस कुठे? मी तुमच्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

तो सांगायचा राहून गेला होता, मावशी. आईचा नमस्कार, आणि माझाही.

तुमचा,
रांगेतला एक पाहुणा