काळी चारची पांढरी पाच झाली

मिरज, सोमवार

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. चार पानांत तीन वेळा ‘त्या गोळ्या आधी बंद कर’ असं लिहिलंयस, आणि तिसऱ्या वेळी खाली रेघसुद्धा ओढलीयस. मी रागावले नाही. दिवाळीत आलीस तेव्हा मला भिंत धरून जिना उतरताना पाहिलंस. ‘किसणी’ हा शब्द आठवेना म्हणून मी हवेत खोबरं किसून दाखवलं, तेही पाहिलंस. एवढं पाहिल्यावर कुणीही हेच लिहील. जे तुला दिसलं नाही ते सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फार वेळ बोललं की उजवा गाल कुरकुरायला लागतो, आणि तसंही फोनवर तू मला बोलू कुठे देतेस!

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे नाव तू ऐकलंस, पण तुझ्या लिहिण्यावरून वाटतं की ही जरा जबर दातदुखी असावी असा तुझा समज आहे. तसा तो दाताच्या डॉक्टरांचाही झाला होता. माझ्या दोन धडधाकट दाढा त्या समजापायी गेल्या. गंमत म्हणजे या दुखण्यात हे सर्रास होतं, न्यूरॉलॉजिस्टना माझ्या दाढांचं जराही नवल वाटलं नाही. चेहऱ्यावरचा स्पर्श मेंदूपर्यंत नेणारी एक नस दोन्ही बाजूंना असते. तिच्या तीन फांद्या: एक डोळ्या-कपाळाकडे, एक वरच्या जबड्याकडे, एक खालच्या. ही नस मेंदूपाशी जिथे सुरू होते तिथेच माझी एक रक्तवाहिनी तिला टेकलीय. दर ठोक्याला ती तिच्यावर आपटते आणि नसेवरचं आवरण झिजत जातं. मग साधा स्पर्शही मेंदूला वेदना म्हणूनच कळतो. एमआरआयमध्ये डॉक्टरांनी मला ती जागा दाखवली. पन्नाशीनंतर जास्त, बायकांना जास्त, उजव्या बाजूला जास्त. म्हणजे मी अगदी पुस्तकातली पेशंट.

झटका विजेचा बसावा तसा असतो. काही सेकंद, फार तर मिनीट-दोन मिनिटं. मग काहीच नाही, चेहरा कोरा. त्या दोन मिनिटांत मला माझं नाव विचारलंस तर सांगता येणार नाही. आणि निमित्त काय? दात घासणं, पहिला घास, पंख्याचा वारा, गालाला लागलेला पदर. सगळ्यात वाईट म्हणजे गाताना लावायचा ‘आ’, आपला आकार. जबडा सैल सोडून मंद्र पंचमावर गेले की गालात लखकन व्हायचं. बायोप्सी नको, कॅन्सर नको, मरणाची भीतीही नको, तरी माणूस जेवायला घाबरतो. त्या पावसाळ्यात मी सहा-सात किलोंनी उतरले, आणि गल्लीतल्या बायका ‘छान बारीक झालात’ म्हणत होत्या.

तुझ्या-माझ्या ओळखीच्या सगळ्या पेनकिलर यावर पाण्यासारख्या. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, कशानेही तसूभर फरक पडला नाही. कारण हे सुजेचं दुखणं नाही, नसेचं आहे. त्यावर जी गोळी चालते ती खरी फिटची. कार्बामाझेपिन. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गायगी कंपनीत शिंडलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1953 मध्ये ती बनवली. 1962 मध्ये ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने ती या चेहऱ्याच्या दुखण्यावर चालते असं लिहिलं. अमेरिकेत तर 1968 मध्ये पहिली परवानगी मिळाली ती या दुखण्यासाठीच, फिटसाठी नंतर. हे मी मेडिकलवाल्याला ऐकवते, कारण तो दर महिन्याला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारतो, ‘काकू, फिट कुणाला येतात घरी?’

पहिल्या गोळ्यांनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी भाकरी खाल्ली. ज्वारीची, चावून, दोन्ही बाजूंनी. सूनबाई बघतच राहिली. हे तू पाहिलं नाहीस, सुमे. तू आलीस तोवर भाकरीची नवलाई संपली होती आणि बिल यायला लागलं होतं.

ते बिल आता सविस्तर देते. सुरुवात करण्याआधी एक रक्ततपासणी झाली, एचएलए-बी 1502 नावाची. ज्यांच्यात हा जीन असतो त्यांची कातडी या गोळीने भाजल्यासारखी सोलवटू शकते, आणि तो आपल्या आशियाई लोकांत जास्त सापडतो. माझ्यात निघाला नाही. तरी पहिले दोन-तीन महिने अंगावर पुरळ दिसलं की तडक दवाखाना, अशी ताकीद होती. रोज आंघोळीनंतर आरशासमोर माझी तपासणी चालायची, हे बाहेरून ‘झालं का, झालं का’ ओरडायचे.

मग गुंगी. दुपारी आमटीला फोडणी देता देता झोप. मग तोल, बोटीवर उभं असल्यासारखा. कधी दोन दोन सिंक, दोन दोन नळ. थोडं सावरतंय तोवर महिन्याभराने झटके परत आले, कारण यकृत ही गोळी मोडायला हळूहळू तरबेज होतं आणि तीच मात्रा पुरेनाशी होते. मात्रा वाढली, 800 मिलिग्रॅम झाली, आणि रक्तातलं सोडियम कोसळलं. 135च्या वर हवं ते 126. तू आलीस ती नेमकी त्या आठवड्यात. किसणी हरवली ती सोडियममुळे, म्हातारपणामुळे नाही, हे आमच्या ह्यांनाही सांगून झालंय, पण ते अजून शब्दकोड्यात मुद्दाम सोपे प्रश्न विचारतात.

ही गोळी शरीरात पाणी साठवून धरते, आणि त्या पाण्यात रक्तातलं मीठ पातळ होतं. म्हणून मला पाणी मोजून. इथे सगळं जग एकमेकांना पाणी प्या, पाणी प्या सांगतंय, आणि मी सांगलीच्या उन्हाळ्यात दीड लिटरची बाटली पुरवून पुरवून पिते. बीपीची जी गोळी होती तीही सोडियम खाली नेणारी निघाली, ती बदलली. दुसरी एक बहीण-गोळी आहे, ऑक्सकार्बाझेपिन. डोकं जरा हलकं राहतं म्हणतात, पण सोडियम ती आणखी पाडते, म्हणून ती बाद. आता कार्बामाझेपिन 600 वर आणलंय आणि जोडीला थोडं बॅक्लोफेन, स्नायू सैल करणारं. मध्ये घसा बसला म्हणून इथल्याच एका दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक दिलं, तर त्याने रक्तात या गोळीचं प्रमाण एवढं चढलं की मी उभीच राहू शकेना. तेव्हापासून माझ्या सगळ्या गोळ्यांची यादी पर्समध्ये असते आणि सर्दी झाली तरी मी ती आधी टेबलावर ठेवते. डॉक्टर नाराज होतात. होऊ देत.

आता खरी गोष्ट. ही मी ह्यांनासुद्धा उशिरा सांगितली.

एका सकाळी बाजाची पेटी उघडली, काळी चार दाबली, आणि पांढरी पाच वाजली, म्हणजे अर्धा स्वर खालची पट्टी. पुन्हा दाबली, पांढरी पाचच. तुला वेगळं सांगायला नको, तीस-पस्तीस वर्षं रोज ज्या पट्टीत सा लावला ती मला झोपेतही कळते. म्हटलं पेटी बिघडली. पण पेटीचे सगळे स्वर एकाच मापाने कसे उतरतील? तंबोरा काढला, तोही उतरलेला. सतारमेकर गल्लीतल्या आपल्या कारागिराकडे नेला. त्याने जवारी तपासली, तारा छेडल्या आणि नम्रपणे म्हणाला, ‘बाई, तंबोरा सुरात आहे.’ माणूस पिढीजात, त्याचा कान खोटा कसा म्हणू? घरी आले, इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला. तोही खाली. लेकाला आणायला मिरज स्टेशनवर गेले तर घोषणेआधीची घंटासुद्धा अर्धा स्वर खाली! तेव्हा मात्र मी तिथल्या बाकावर बसून मनसोक्त हसले. सगळं रेल्वे खातं बेसूर होऊ शकतं, पण सगळं एकदम, एकाच मापाने?

न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तर आधी त्यांनी माझ्याकडे सोडियम पुन्हा पडल्यासारखं पाहिलं. मग संगणकात शोधलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. या गोळीने असं होतं. क्वचित होतं, आणि जपानमधल्या डॉक्टरांनी असे बरेच पेशंट नोंदवलेत, मुख्यतः ज्यांना स्वर ऐकताच त्याचं नाव कळतं असे वाजवणारे लोक. बाकीच्यांनाही होत असेल, पण त्यांना पत्ता लागत नाही. सगळेच स्वर एकसारखे उतरले की गाणं तर तेच राहतं. गोळी बंद केली की कान जागेवर येतो.

मला सोसावं लागतं ते एवढंच: तंबोऱ्याशिवाय सा लावला तर तो अर्धा स्वर चढा लागतो, कारण मी माझ्या कानाला ओळखीचा वाटेपर्यंत तो वर नेते. शिकवणीतल्या मुली एकमेकींकडे बघतात. म्हणून तंबोरा आधी, बाई नंतर. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या सभेला गेले होते, वाऱ्यासाठी तोंडाभोवती शाल घट्ट गुंडाळून. 1937 पासून अब्दुल करीम खाँ त्या दर्ग्याच्या आवारात विसावलेत, आणि त्यांच्यासमोर मला काळी एकमधलं सगळं गाणं पांढरी एकमध्ये ऐकू येत होतं. पहिला ख्याल संपेपर्यंत मी वैतागले. नंतरच्या द्रुतात विसरले. श्रुती सुटत नाहीत, मींड तशीच लागते. फक्त घर एक पायरी खाली सरकलंय.

आता तुझ्या रेघ मारलेल्या वाक्याकडे येते. झटका येतो तेव्हा मी नुसती गप्प होते. समोरच्याला वाटतं विचार करतेय. गोळीने काय होतं ते मात्र सगळ्यांना दिसतं: मी धडपडते, नावं विसरते, दुपारी घोरते. म्हणून सगळं घर गोळीच्या विरोधात, आणि शेजारपाजारही, आणि इंदूरहून तूही. दुखण्याच्या बाजूने साक्ष द्यायला माझ्याशिवाय कुणी नाही. ‘पूर्वीची तू राहिली नाहीस’ असं तू लिहिलंस. पूर्वीची मी त्या पावसाळ्यात ताटासमोर रडत बसायची गं. ती तुला परत हवी आहे का?

शिवाय ही गोळी एकदम बंद करताच येत नाही. हळूहळू उतरवावी लागते, नाहीतर झटके दुप्पट जोराने येतात, फिटही येऊ शकते. आणि ऑपरेशनचंही विचारलंस. आहे. कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडून ती रक्तवाहिनी नसेपासून बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं आराम पडतो. पण त्या बाजूचं ऐकू येणं कमी होण्याचा, क्वचित जाण्याचा धोका आहे. धोका लहान आहे, डॉक्टर तसं प्रामाणिकपणे सांगतात. सुई घालून नस जाळायचा प्रकारही आहे, त्यात गाल-ओठ बधिर होतात. बधिर ओठांनी बोल कसे टाकू? अर्धा स्वर खाली ऐकणारा कान मला चालेल, नसलेला कान नाही चालणार. गोळी कधी पुरेनाशी झालीच तर तेव्हा बघू. नाही म्हणून ठेवलेलं नाही.

तोवर माझी आणि डॉक्टरांची तडजोड अशी की दुखणं शंभर टक्के घालवायच्या मागे लागायचं नाही. शंभर टक्क्यांसाठी 800 लागतात आणि मग मी माणसात नसते. दिवसाचे एक-दोन झटके मी ठेवून घेतलेत. सकाळची गोळी दात घासायच्या बरीच आधी, दुपारची शिकवणी संपल्यावर. जिन्याला हे आता कठडा बसवून घेतायत. तुझ्या ओळखीच्या वैद्यांकडचं नाकात घालायचं तेल मी आणणार नाही. तेल वाईट म्हणून नाही, माझ्या नाकपुडीजवळ बोटही नेता येत नाही म्हणून.

आणि आता तुझी पाळी. मला गोळ्या बंद कर म्हणणारी तू, गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफिनॅक घेतेस, चिठ्ठीशिवाय, ‘फक्त दुखेल तेव्हा’, म्हणजे रोज. बीपीची गोळी चालू असताना! ते औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून 2006 पासून गुरांसाठी ते बंद झालंय. माणूस म्हणजे गिधाड नाही, मान्य, पण मूत्रपिंडं तुलाही दोनच आहेत आणि जठर एकच. माझ्या चेहऱ्यावर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, तुझ्या गुडघ्यावर आहे, म्हणूनच तू मोजत नाहीस. मूत्रपिंडांसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घे आणि बीपी रोज लिहून ठेव. भावोजींना हे पत्र मुद्दाम वाचायला दे.

माझी सोडियमची पुढची तपासणी गुरुवारी आहे. आकडा कळवते. तू तुझा कळव. येताना शेव आण, बारीकवाली. जाडी मला अजून चावत नाही.

तुझी,
कुंदा