वडिलांच्या मागे राहिलेली मोटार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींविषयी छापून येते ते बहुधा भंगार धोरणाच्या नाहीतर आठवणींच्या अंगाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा तर अशा लेखांचा पूरच आला होता. मालक वारल्यावर दारात उभ्या राहिलेल्या खासगी गाडीचे रीतसर काय करावे, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील मिरजेत दवाखाना चालवत आणि त्यांची १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी गावाला दवाखान्याइतकीच ओळखीची होती. चोकच्या दांड्याची मूठ केव्हातरी तुटली, तेव्हा त्यांनी तिथे शाईच्या पेनाचे टोपण घट्ट बसवले होते. ते शेवटपर्यंत निघाले नाही. गेल्या मार्गशीर्षात वडील गेले. आम्हा भावंडांपैकी कोणाच्याही दारात ती ठेवायला जागा नव्हती, आणि वजनावर भाव सांगणाऱ्या भंगारवाल्याला ती देण्यास आईची तयारी नव्हती.

कायदा पाहता, मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत वारसाने नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मृताच्या नावची विमा पॉलिसीही जास्तीत जास्त तीन महिने, किंवा त्याआधी तिची मुदत संपत असेल तर तोवरच चालते. हे आम्हाला आठव्या महिन्यात समजले. दिवसकार्य, बँका, दवाखान्याचे भाडे यांच्या गडबडीत गाडीची आठवण कोणाला होणार? शिवाय गाडी एकदा वारसाच्या नावावर आणि मग पुन्हा खरेदीदाराच्या नावावर, अशी दोनदा चढवावी लागते. दर खेपेला नवा कागद निघे. बेळगावला राहणाऱ्या बहिणीला केवळ संमतीच्या प्रतिज्ञापत्रासाठी दोनदा यावे लागले.

या कटकटीला कंटाळूनच अनेक जण ‘फक्त सह्या करून द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती गाडी सोपवतात. आमच्याकडेही असे दोघे येऊन गेले. अपघात झाल्यास कायदा नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्यालाच मालक धरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा मृताच्या नावावर धावणारी गाडी उद्या वारसांना कोर्टाची पायरी चढायला लावू शकते.

अखेर कुपवाडचे एक लेथ वर्कशॉपवाले भेटले. आधी आलेले सगळे बाहेरचा रंग पाहून किंमत बोलत होते. यांनी पायाखालची मॅट उचलून तळाचा पत्रा बोटाने ठोकून पाहिला आणि मगच बॉनेट उघडायला सांगितले. पैसे थोडेच दिले, पण नावांतर पूर्ण होईपर्यंत गाडी आमच्याच दारात राहील ही अट विनातक्रार मानली. त्यांच्यापुढची अडचण वेगळीच आहे. गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत आहे. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागेल आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून हे शुल्क दहा हजार रुपये झाले आहे. पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद व्हायला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे ते २०३७ मध्ये. आणि तशी नोंद झाल्यावर ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही!

परिवहन विभागाला माझी विनंती एवढीच, की सर्व वारसांची लेखी संमती असेल तेथे मृताच्या नावावरून थेट खरेदीदाराच्या नावावर नोंद करण्याची सोय द्यावी, आणि मृत्यूचा दाखला देतानाच नातेवाइकांच्या हाती वाहनाविषयीचे एक पानी माहितीपत्रक द्यावे. नोंदणीत वारसदाराचे नाव आधीच नमूद करण्याची तरतूद २०२१ पासून आहे, पण आमच्या ओळखीच्या एकाही गाडीमालकाला ती माहीत नव्हती.

गेल्या आठवड्यात नवे आरसी हाती आले आणि गाडी कुपवाडला गेली. वडिलांनी प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटरचे जेट जपून ठेवलेला बिस्किटांचा डबा माळ्यावर सापडला आहे. तो येत्या रविवारी पोहोचवायचा आहे.

आपला,
एक वाचक, मिरज