कृषिमंत्री साहेब, आम्हाला बिगर बीटी सरकी मिळवून द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

साहेब, यवतमाळ जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. मी, हे, सासूबाई आणि कॉलेजला जाणारा पोरगा असे चौघं मिळून कसतो, आणि २०१७ च्या हंगामानंतर आमच्या शेतात विषारी औषधाचा एक थेंब फवारलेला नाही. ते साल तुम्हाला सांगायला नको. आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले आणि त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापसाची पऱ्हाटी खाल्ली. ह्यांनाही एका फवारणीनंतर दोन दिवस डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तेव्हा पंप धुऊन ठेवला तो परत निंबोळी अर्कासाठीच काढला.

बाकी सगळं घरी जमतं. बैलजोडी आणि एक गाय आहे त्यामुळे शेणखत घरचं, २०० लिटरच्या ड्रममधे जीवामृत, पाच किलो निंबोळ्या कुटून १०० लिटर पाण्याचा अर्क, पऱ्हाटीत तुरीची तासं, धुऱ्यावर झेंडू. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच पऱ्हाटी पुढं ठेवणं, ते करत नाही, डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटतो म्हणजे बोंडअळीला पुढं खायला काही राहत नाही. उतारा शेजाऱ्यापेक्षा कमी येतो पण कृषी केंद्राची उधारी नाही, आणि दिवाळीत हातात जे राहतं ते आपलं असतं.

अडतं ते बियाण्यावर. सेंद्रिय कापसाच्या नियमात बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, चालत नाही, आणि नियम बरोबरच आहे. पण मे महिन्यात तालुक्याला गेलं की दुकानात छतापर्यंत पाकिटं लावलेली आणि सगळी बीटी. बिगर बीटी मागितलं तर म्हणतात ताई, ते कोणी मागतच नाही. आधी बीटीच्या पिशवीत नॉन-बीटीचं छोटं पाकीट वेगळं यायचं, अळी बीटीला सरावू नये म्हणून बांधाच्या कडेनं लावायला. लोक ते फेकून द्यायचे आणि आम्ही सुरुवातीला गावभर फिरून गोळा करायचो. त्यालाही औषध चोळलेलं असायचं, संकरित असल्यामुळे पुढच्या वर्षी ठेवता यायचं नाही, पण बीटी तरी नव्हतं. आता ते बियाणं बीटीतच मिसळून येतं, तोही रस्ता बंद.

मग सासूबाईंनी त्यांच्या माहेराकडून देशी कापसाची सरकी आणली, दोन पायली. शेणमातीत घोळून सावलीत वाळवली आणि पेरली. मावा-तुडतुड्याला ती पऱ्हाटी दाद देत नाही, पावसाचा खंड पडला तरी तग धरते. धागा आखूड म्हणून व्यापारी भाव पाडतो हे खरं. पण दुसरं दुखणं मोठं आहे, देशी पऱ्हाटीचा बीटीशी सहसा संकर होत नाही, पण लांब धाग्याचा बिगर बीटी अमेरिकन कापूस लावायचा म्हटलं तर आमच्या चारही धुऱ्यांना बीटी, मधमाश्या कुणाच्या शेतात जायचं ते विचारून जात नाहीत, त्यामुळे त्याची सरकी किती शुद्ध राहील याची मला धास्ती वाटते.

आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? तणनाशकानं न मरणारी चोरबीटी, जिला देशात परवानगीच नाही, ती दर जूनमधे गावोगाव घरपोच मिळते. कायद्यानं चालणारं साधं बियाणं मात्र जिल्हा पालथा घातला तरी मिळत नाही.

साहेब, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं देशी आणि अमेरिकन कापसाचे सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेले, ज्यांची सरकी पुढच्या वर्षी ठेवता येते असे, काढलेले आहेत. त्यांचं औषध न चोळलेलं पायाभूत बियाणं करून एप्रिलमधे प्रत्येक कापूस तालुक्यात ठेवा, फुकट नको, आम्ही पैसे मोजू. आणि बीजोत्पादन आमच्यासारख्या सेंद्रिय कुटुंबांनाच द्या, फक्त बीटीपासून लांब एखादं अख्खं शिवार त्यासाठी राखून ठेवा.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायच्या पीजीएस गटाच्या सेंद्रिय प्रमाणपत्राला किमान पाच शेतकरी लागतात, परंपरागत कृषी विकास योजनेला तर २० हेक्टरचा गट. आमच्या गावात विष सोडलेलं घर एकच आहे, आमचं. बाकी चौघं मी कुठून आणू? एकट्या कुटुंबाला सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा कृषी सहायक) पाहणीवर प्रमाणपत्र मिळेल अशी सोय करा, तपासणीचा खर्च सरकारनं उचलावा. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते कारण उरलेला भार सरकार सोसतं, मग आमच्यासाठी एवढं व्हायला पाहिजे.

मृगाला पेरणी होते साहेब. यंदा सासूबाईंच्या मडक्यात फक्त अर्ध्या एकराची सरकी उरली आहे.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी